खाडीकाठची १४० घरं: ज्याचा त्याचा पट्टा मागायचा की जमीन सगळ्यांची मिळून ठेवायची?

प्रश्न · खाडीकाठ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीतली वस्ती. नाव मुद्दाम देत नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मासेमारीची जेट्टी. १४० घरं. त्यातली ९२ सरकारी जमिनीवर, सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन'. उरलेली ४८ एका जुन्या खोत घराण्याच्या सर्व्हे नंबरात. त्या सातबाऱ्यावर ६३ नावं, निम्मी मुंबईला, काही वारलेली, वारसनोंदी झालेल्या नाहीत. राहणारे खारवी, दालदी, थोडे भंडारी. शिवाय गेल्या पंधरा-वीस वर्षांत बोटींवर कामाला आलेली खलाशी कुटुंबं, ती बहुतेक भाड्यानं. घरपट्टी बऱ्याच जणांना लागली आहे, वीज सगळ्यांकडे आहे. सरकारी भागातल्या ३१ घरांना आता अतिक्रमणाच्या नोटिसा आल्यात.

वस्तीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, ज्याच्या त्याच्या नावावर पट्टा मागा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, पट्टा हातात पडला की पाच वर्षांत पुढची ओळ होमस्टेवाल्यांना विकली जाईल आणि जाळी घेऊन आपण डोंगरावर. त्यापेक्षा जमीन एका ट्रस्टच्या नावावर ठेवा, वरचं घर ज्याचं त्याचं. परदेशात याला कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणतात असं कळलं.

हे आपल्याकडच्या कायद्यात बसतं का? बसत असेल तर कुठल्या रूपात? आणि सुरुवात कुठून करायची? कृपया भाषण नको, कागद सांगा.


हद्दखूण

आधी नोटीस, मग ट्रस्ट. नोटिशीत कायदा आणि कलम लिहिलेलं असतं, तेवढं आज वाचा. महसूल संहितेचं कलम ५० किंवा ५३ असेल तर विषय तहसीलदार-जिल्हाधिकाऱ्यांकडचा, म्हणजे भांडण जमिनीचं. नगररचना कायद्याचं ५३ असेल तर भांडण विनापरवाना बांधकामाचं. दोन्हींची उत्तरं वेगळी. वस्त्यांमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे बांधकामाच्या नोटिशीला 'आम्ही पन्नास वर्षं राहतो' असं उत्तर देणं. ते खरं असतं, पण विचारलेलं ते नसतं.

३१ घरांचे ३१ वेगळे खुलासे द्या. एकाच कागदावर ३१ सह्या केल्या तर सगळ्यांत कच्चा पुरावा ज्याचा, त्याच्यासाठी लिहिलेला शेरा सगळ्यांना लागू होतो. प्रत्येक खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. तहसीलदारांचा आदेश निघालाच, तर संहितेच्या कलम २४७ खाली अपील करता येतं, मुदत ६० दिवस. मात्र अपील दाखल झालं म्हणून जेसीबी थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा, आणि त्याच दिवशी.

आता 'महाराष्ट्र शासन' या दोन शब्दांवर समाधान मानू नका. सातबाऱ्यावरचं 'इतर हक्क' वाचा, जुने फेरफार काढा. जमीन गुरचरण आहे का, वन आहे का, बंदरासाठी किंवा मत्स्यव्यवसाय खात्यासाठी राखलेली आहे का? माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये, ३० दिवस. प्रश्न एकच ठेवा: 'या सर्व्हे नंबरचा ताबा व व्यवस्थापन सध्या कोणत्या खात्याकडे आहे, व त्याचा आदेश क्रमांक व दिनांक काय.' गुरचरण निघाली तर वाट फार अरुंद. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर राज्यानं १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढून गायरानं देणं जवळपास बंद केलं. वन निघाली तर राज्य सरकार एकट्यानं काही करू शकत नाही. साधी सरकारी पड असेल तर निवासी अतिक्रमण नियमानुकूल करण्याच्या धोरणात बसायची आशा आहे, आणि तिथं कळीची तारीख १ जानेवारी २०११.

त्या तारखेआधी घर होतं हे दाखवणारे कागद, माझ्या मते या क्रमानं वजनदार: महावितरणचं बिल (त्यावर पुरवठा दिनांक छापलेला असतो, नवीन बिलावरही जुनी तारीख दिसते, म्हणून हे पहिलं), नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा, २००९ च्या विधानसभेच्या मतदारयादीची प्रमाणित प्रत, मग रेशनकार्ड. रेशनकार्ड बदलून घेतलं की जुनी तारीख जाते. शाळेचा दाखला गाव सांगतो, घर सांगत नाही. आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. ती फक्त 'अमुक साली इथे घर उभं होतं' एवढंच बोलते. इथे नेमकं तेवढंच हवं आहे.

पुढचं काम गणना. सरकारी माणूस येऊन मोजण्याआधी तुम्ही मोजा. वस्तीच्या नकाशावर घरं काढा, दारावर ऑइलपेंटनं क्रमांक टाका, आणि घरं मोजू नका, चुली मोजा. १४० घरांत १४० चुली नसतात. दोन भाऊ एका छपराखाली वेगळे शिजवतात आणि पुढे तिथंच वाद पेटतो. प्रत्येक चुलीमागे लिहायचं: कोण राहतं, कधीपासून, मालक की भाडेकरू, कोणता कागद आहे, जागा किती बाय किती. टेपनं मोजा, नजरेनं नको. तयार यादी आठवडाभर देवळाच्या भिंतीवर आणि मशिदीच्या ओट्यावर लावा, हरकती लेखी घ्या. यादी लावली नाही तर तिसऱ्या महिन्यात तिच्यात कुणाच्या तरी मेव्हण्याचं नाव येतं आणि सगळी गणना संशयात पडते.

भाडेकरूंचा रकाना गाळू नका. घरमालक म्हणतील गाळा. गाळलेलं कुटुंब पाहणीच्या दिवशी साहेबांपुढे उभं राहतं आणि यादी खोटी ठरते.


उपविधी

'ट्रस्ट' या शब्दानं फसू नका. परदेशात ट्रस्ट म्हणतात म्हणून आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे पळायचं कारण नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ काढून वाचा: ट्रस्टची बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तुम्हाला १४० घरांना दीर्घ मुदतीचे पट्टे द्यायचे आहेत. म्हणजे १४० परवानग्या, किंवा एक मोठी परवानगी आणि तिच्यामागे काही वर्षं. शिवाय विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कलम २२ चा बदल अर्ज. तो राहून गेला की दहा वर्षांनी नोंदीवर सगळे मयत विश्वस्त आणि सही करायला कोणी नाही. कोकणातल्या निम्म्या देवस्थानांची हीच अवस्था आहे.

तुम्हाला हवं ते रूप सहकार कायद्यात आधीपासून आहे. सहकारी संस्था नियम, १९६१ च्या नियम १० मध्ये गृहनिर्माण संस्थांचे प्रकार दिलेत. त्यात भाडेकरू मालकी संस्था म्हणजे जमीन संस्थेची (मालकीनं किंवा पट्ट्यानं), घर सभासदाचं. भाडेकरू सहभागीदारी म्हणजे जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेचं. मुंबईतल्या बहुतेक सोसायट्या या दुसऱ्या प्रकारच्या. तुम्हाला पहिला प्रकार हवा. कारभारी निवडणुकीनं येतात, लेखापरीक्षण दरवर्षी सक्तीचं, आणि प्रत्येक सभासदाला एक मत, घर दोन खणांचं असो की माडीचं.

अडचण इथे येते: सहायक निबंधक नोंदणीसाठी जमिनीचा कागद मागतात आणि जिल्हाधिकारी कार्यालय जमिनीसाठी नोंदलेली संस्था मागतं. यातून बाहेर पडायची वाट म्हणजे 'नियोजित' संस्था. मुख्य प्रवर्तक निवडा, नाव आरक्षित करा, बँकेत खातं उघडा, आणि नियोजित संस्थेच्या नावानं जिल्हाधिकाऱ्यांकडे जमिनीची मागणी करा. जमीन मिळाली तर ती भोगवटादार वर्ग २ किंवा पट्ट्यानं मिळेल, म्हणजे हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि अनर्जित उत्पन्नातला, म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला, सरकारचा वाटा. तुम्हाला विक्रीवर लगाम हवाच आहे, तर हा अडथळा तुमच्या बाजूचा आहे.

सरकारी ९२ आणि खोतांची ४८ यांची एकच संस्था करू नका. वस्तीची समिती एक, संस्था दोन. खोतांच्या जमिनीचा दिवाणी दावा वीस वर्षं चालू शकतो, त्यात सरकारी भाग अडकायला नको.

विक्रीवरची अट कायद्यात टिकते का, हे पुढे कोणी विचारेलच. उपविधीतल्या, म्हणजे संस्थेच्या नियमावलीतल्या, अशा बंधनाला सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये झोरोअॅस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मान्यता दिली. ते प्रकरण अहमदाबादचं, गुजरातच्या कायद्याखालचं. आपल्याकडे निबंधक कलम २३ (खुलं सभासदत्व) पुढे करतील. म्हणून अट उपविधीतही घाला आणि सभासदाशी होणाऱ्या पट्ट्याच्या करारातही घाला. एक ठिकाण पडलं तर दुसरं उभं राहील.

आता मुद्रांक शुल्क. यात वस्त्या आणि त्यांचे वकीलही फसतात. संस्थेनं सभासदाला दिलेला भाडेपट्टा १० वर्षांहून जास्त आणि २९ वर्षांपर्यंत असेल तर शुल्क बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर, २९ च्या वर गेला की ९० टक्क्यांवर. समजा एका घराखालची जागा ४० चौरस मीटर, बाजारमूल्य दोन लाख, शुल्काचा दर ५ टक्के. २९ वर्षांना ५,००० रुपये, ३० वर्षांना ९,०००. १४० घरांत फरक ५ लाख ६० हजारांचा. आणि करारात 'पुढे आणखी २९ वर्षं नूतनीकरण' असं लिहिलंत तर नूतनीकरणाची ती मुदत आत्ताच्या पट्ट्यातच धरली जाते, म्हणजे पुन्हा ९० टक्के. नूतनीकरणाचा हक्क उपविधीत ठेवा, पट्ट्यात वर्षं लिहू नका.


खाडीकाठ

फार उपयोगी. दोन शंका. ४८ घरवाल्यांपैकी काहींकडे खोतांना दिलेल्या भुईभाड्याच्या जुन्या पावत्या आहेत, बाकीचे म्हणतात 'आम्हाला राहा म्हणाले होते'. यांचा हक्क काय? आणि जिथं जाळी सुकवतो, होड्या ओढतो, ती मोकळी जागा कोणाच्या खात्यात धरायची?


पोटखराबा

मोकळ्या जागेबद्दल दुसरं कोणी सांगेल. मी खोतांच्या जमिनीबद्दल लिहितो.

'राहा म्हणाले होते' हे वाक्य तुमच्याच विरोधात जातं हे आधी समजून घ्या. प्रतिकूल ताब्यासाठी (नुसत्या दीर्घ ताब्यावर मालकी सांगण्यासाठी) खासगी मालकाविरुद्ध १२ वर्षं लागतात (सरकारविरुद्ध ३०), पण तो ताबा मालकाच्या हक्काला आव्हान देणारा असावा लागतो. परवानगीनं राहिलेला माणूस शंभर वर्षं राहिला तरी परवानगीनंच राहिला. भुईभाड्याच्या पावतीचंही तसंच: ती तुम्हाला मालक करत नाही, भाडेकरू करते. पण काढून टाकणं अवघड करते, म्हणून लॅमिनेट न करता जपून ठेवा. लॅमिनेट केलेल्या जुन्या कागदावरची शाई आणि रेव्हेन्यू तिकीट तपासता येत नाही. कूळकायद्याच्या कलम १७ ब मध्ये घराखालच्या जागेची तरतूद आहे, पण ती कूळ, शेतमजूर आणि कारागिरांसाठी. मासेमारी त्यात आपोआप बसते असं धरून चालू नका.

खरा रस्ता विकत घेण्याचा. ६३ नावं बघून घाबरू नका. १९०० च्या आसपासपासूनचे फेरफार काढून वंशावळ कागदावर मांडली की ६३ नावं चार-पाच शाखांत बसतात, आणि बहुतेक शाखांत निर्णय घेणारा माणूस एकच असतो. पैसे देण्याआधी वारसनोंदी त्यांच्याकडून पूर्ण करून घ्या, खर्च तुम्ही केलात तरी चालेल. एकेका शाखेचा अविभक्त हिस्सा घेत गेलात तर चालतं, पण शेवटच्या शाखेपर्यंत ताबा तुमचा पक्का नाही आणि शेवटची शाखा भाव दुप्पट करते. म्हणून सगळ्या शाखांशी एकाच दराचा साठेकरार आधी, खरेदीखतं नंतर.

सह्या कधी? गणपतीत. चाकरमानी त्या दहा दिवसांत गावात असतात, पुढचं कोणी सांगू शकत नाही. चतुर्थीला दुय्यम निबंधक कार्यालय बंद, म्हणून आतल्या कामाच्या दिवसांची वेळ महिनाभर आधी घेऊन ठेवा, आधार-पॅनच्या प्रती श्रावणातच गोळा करा. चुकलात तर शिमगा. न येणाऱ्यांचं कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृतच घ्या, नोटरीवालं नको.

जमीन कागदावर शेती असेल तर बिगरशेतकरी संस्थेला कूळकायद्याच्या कलम ६३ चा अडसर आहे, बिगरशेतीचा प्रश्न आधी सोडवा. एक फायदा मात्र जमीन एकत्र ठेवण्याचाच: अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे ४८ तुकडे नोंदवायला गेलात की तुकडेबंदी आडवी येते. त्यात अलीकडे सवलती आल्यात, त्या तुमच्या जागेला लागतात का ते पाहावं लागेल. अख्खा सर्व्हे नंबर संस्थेच्या नावावर गेला तर तुकडा पडतच नाही.

आणि खरेदीच्या आधी हद्द कायम मोजणी. भरतीत धुपलेला भाग सातबाऱ्याच्या क्षेत्रात तसाच असतो. पाण्याखालच्या आठ गुंठ्यांचे पैसे देऊ नका.


नारळीपौर्णिमा

सगळे एकाच बाजूनं बोलतायत म्हणून उलट लिहितो.

सामूहिक जमीन म्हणजे काय हे कोकणाला बाहेरून शिकायला नको. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे इथली कबुलायतदार गावकर जमीन बघा. गावाची मिळून जमीन, वहिवाट सगळ्यांची, आणि कोणाचा वाटा किती हे कुठं लिहिलेलं नाही. पुढे सातबाऱ्यावर शासनाचं नाव लागलं आणि वाटप कसं करायचं यावर पिढ्या गेल्या. तिथला माणूस आज काय मागतो? कुटुंबवार वाटप.

दुसरं, बँक. संस्थेच्या जमिनीवरच्या घराला कर्ज मागा, मॅनेजर आधी ना-हरकत मागेल, मग सगळ्या संचालकांचे ठराव मागेल, मग म्हणेल वर विचारतो. प्रधानमंत्री आवासमध्ये स्वतः घर बांधायला अनुदान हवं तरी जागेचा कागद अर्जदाराच्या नावे लागतो.

तिसरं, समिती. जमीन समितीच्या हातात म्हणजे समितीतल्या दोन घरांच्या हातात. बिल्डरला १४० दारं वाजवण्यापेक्षा दोन वाजवणं स्वस्त पडतं.

मधला मार्ग ओडिशाचा आहे. तिथं २०१७ च्या झोपडपट्टीवासीयांच्या जमीनहक्क कायद्यानं प्रत्येक कुटुंबाला नावाचं प्रमाणपत्र दिलं. वारशानं जातं, तारण ठेवता येतं, विकता येत नाही. सुरुवात गंजाम आणि पुरीपासून केली, त्यातही किनाऱ्यावरच्या वस्त्या होत्या. विकण्याची भीती असेल तर विक्रीबंदी घाला की, त्यासाठी जमीन संस्थेला कशाला?


उपविधी

@नारळीपौर्णिमा, कबुलायतदारचा दाखला बरोबर आहे, पण तो माझ्या बाजूनं जातो. तिथं गोंधळ जमीन एकत्र होती म्हणून झाला नाही. वाटा, वारसा आणि बाहेर जाण्याचा नियम कागदावर नव्हता म्हणून झाला. ओडिशाचा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे तो मागण्यासारखा आहे, वापरण्यासारखा नाही. आणि नुसती विक्रीबंदी असली की विक्री थांबत नाही, ती साध्या स्टँपपेपरवर होते. घर सोडणाऱ्याला रीतसर पैसे मिळायची वाट ठेवलीच पाहिजे.

ती वाट अशी लिहा. घर सोडायचं तर आधी संस्थेला लेखी कळवायचं. संस्थेला ९० दिवस. त्या मुदतीत संस्था स्वतः घेईल किंवा प्रतीक्षायादीतल्या कुटुंबाला देईल. यादीत पहिला हक्क वस्तीतल्या भाडेकरूंचा. किंमत फक्त बांधकामाची, जमिनीची शून्य. उदाहरणार्थ बांधकामाला पावत्यांसह ६ लाख लागले, दहा वर्षं झाली, दरसाल २ टक्के घसारा म्हणजे १ लाख २० हजार वजा. मध्ये स्लॅबवर १ लाख खर्च केला तो अधिक. हाती ५ लाख ८० हजार. बाजारात त्याच घराला तिप्पट मिळतील, कारण बाजार समुद्राचे पैसे देतो. नेमकं ते समुद्राचे पैसे वस्तीत ठेवायचे, हा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. घसारा किती धरायचा यावर सभेत भांडण होऊ द्या. ते आधी झालेलं बरं.

वारशासाठी नुसता नामनिर्देशन अर्ज पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशित माणूस तात्पुरता सभासद असतो, हक्क वारसांचा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करा. नवरा दर्यावर गेला आणि परत आला नाही तर बायकोला दिराच्या दारात उभं राहावं लागू नये. मुंबईच्या मुलाला वारसा मिळेल, पण दोन वर्षांत राहायला आला नाही तर घर संस्थेला वरच्या दरानं द्यावं, असं कलम घाला. हे कलम सगळ्यांत जास्त विरोध खाईल आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल.

समिती विकली जाण्याचा धोका खरा आहे. उपाय: जमीन विकणं, तारण ठेवणं किंवा पुनर्विकासाला देणं यासाठी संचालक मंडळाला अधिकारच नको, सर्व सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांचा ठराव, तोही दोन सभांत, मध्ये ६० दिवस. हजर सभासदांच्या नव्हे, सर्व सभासदांच्या. तारणाबद्दल तर अगदी कडक राहा. अमेरिकेत जॉर्जियामध्ये १९६९ ला कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी 'न्यू कम्युनिटीज' नावानं पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट केला, ५,७०० एकरांच्या वर जमीन. दुष्काळ पडला, कर्ज अडलं, आणि १९८५ मध्ये सगळी जमीन गेली. बँकेला सभासदाचा पट्टा आणि घर तारण द्या, संस्थेची जमीन कधीही नाही. (जाता जाता: त्या लोकांपुढे आपला ग्रामदानाचा विचार होता. तो विचार मांडणारे विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. म्हणजे ही कल्पना परदेशी आहे असं वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सांगू नका.)

तुमच्यासारखी, पाण्याकाठची सरकारी जमीन असलेली दोन उदाहरणं अभ्यासण्यासारखी आहेत. पोर्टो रिकोत सान हुआनला कान्यो मार्तीन पेन्या या खाडीकाठी जवळपास २,००० कुटुंबं. खाडी साफ झाली की जमिनीचे भाव चढणार हे ओळखून आधी सातशेच्या वर बैठका झाल्या, २००४ ला स्वतंत्र कायदा झाला, जमीन ट्रस्टकडे आणि प्रत्येक कुटुंबाला जमिनीच्या पृष्ठभागावर राहण्याचा नोंदणीकृत, वारशानं जाणारा हक्क. २००९ ला सरकारनं कायदा बदलून जमीन परत घेतली, ती २०१३ ला पुन्हा मिळवावी लागली. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही, वस्ती जागी लागते. दुसरं बँकॉकचं बांग बुआ: कालव्यावर घुसलेली घरं मागे घेऊन काठानं रस्ता सोडला, सहकारी संस्था केली आणि सरकारी कोषागार खात्याकडून ३० वर्षांचा पट्टा मिळवला. ती 'आम्ही मागे सरकतो, तुम्ही पट्टा द्या' ही देवघेव जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवण्यासारखी आहे.

पैशाचं थोडक्यात. घरटी महिना ३०० रुपये, वर्षात दहाच महिने: १४० × ३०० × १० = ४ लाख २० हजार. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हप्ता ठेवलात तर ऑगस्टमध्ये थकबाकीदारांची यादी होते, आणि ज्याचं नाव यादीत लागलं तो माणूस सभेला यायचा बंद होतो. गोळा करायचं काम बायकांच्या गटाकडे द्या, दर दहा घरांमागे एक, पासबुकावर रोज नोंद. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर महिला मिलन या बायकांच्या बचत संघटनेनं १९८६ पासून हेच केलं: बचत हे निमित्त, रोज प्रत्येक दारात जाणं हे खरं काम. बँकेत तीन सह्या, त्यातल्या दोन लागतील, आणि तिन्ही एका भावकीतल्या नकोत.


भरतीरेषा

जाळी सुकवायच्या जागेबद्दल. ती तुमच्या अर्जातली सगळ्यांत महत्त्वाची जागा आहे आणि सगळे नेमके तीच विसरतात. मागणी अर्जात फक्त घरांखालचं क्षेत्र लिहिलं (सरकारी भागातली ९२ × ४० म्हणजे ३,६८० चौरस मीटर, ३६-३७ गुंठे) तर उरलेली जागा कागदावर 'रिकामी' होते, आणि रिकामी सरकारी जागा म्हणजे उद्याचं वाहनतळ. जाळी, होड्या ओढायची वाट, सुकटीचे ओटे, डिझेलची टाकी, सार्वजनिक नळ, पाणंद, सगळं मोजून नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा आणि क्षेत्रासकट संस्थेच्या मागणीत घाला. वैयक्तिक पट्ट्यात ही जागा कुणाच्याच नावावर येत नाही. @नारळीपौर्णिमा यांना माझा एवढाच प्रश्न आहे: घरं राहिली आणि ओटे गेले तर तिथं खारवी राहून करणार काय?

सीआरझेडचं (सागरी किनारा नियमन क्षेत्र, किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) आधी तपासा, नाहीतर वरचं सगळं हवेत. नगरपरिषद हद्दीतला भरवस्तीचा भाग बहुधा सीआरझेड-२ मध्ये असतो, ग्रामीण भाग ३ मध्ये. खाडीकाठी २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे हा पट्टा भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. २०१९ च्या अधिसूचनेत १०० चे ५० झाले. तुमच्या जागेला कोणत्या अधिसूचनेखालचा मंजूर आराखडा लागू आहे ते सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर बघा. पण त्या नकाशाचं प्रमाण १:२५,००० असतं. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. नुसत्या रेषेच्या जाडीत तुमची पुढची ओळ बुडते. म्हणून 'आम्ही रेषेच्या आत की बाहेर' हे त्या नकाशावर बोट ठेवून कोणी सांगत असेल तर मानू नका, अधिकारीही नाही. केंद्रानं मान्यता दिलेल्या संस्थेकडून १:४,००० प्रमाणावर रेषा तुमच्या सर्व्हे नंबरवर टाकून घ्यावी लागते. खर्चिक आहे. बचतीचा पहिला मोठा खर्च हाच धरा, वकील दुसरा.

कांदळवन मागच्या बाजूला असेल तर १,००० चौरस मीटरच्या वरच्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा जपावा लागतो, आणि उच्च न्यायालयाचे आदेश त्याबाबत फार कडक आहेत. त्या पट्ट्यात जी चार-दोन घरं येतील ती वस्तीच्या आतच दुसरीकडे बसवायची जागा नकाशावर आत्ताच राखून ठेवा. नाहीतर त्या चार घरांसाठी सगळा प्रस्ताव परत येतो.


खाडीकाठ

ओटे आणि जाळ्यांची जागा मिळून साधारण २२ गुंठे भरतील. पुरावा काय द्यायचा? तिथं घर नाही, बिल नाही, मतदार नाही.


भरतीरेषा

मच्छीमार सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांत ओट्यांच्या दुरुस्तीचे ठराव मिळतात का बघा, सिमेंटच्या पावत्या बघा, मत्स्यव्यवसाय खात्यानं कधी तिथं ओटे बांधायला अनुदान दिलं असेल तर त्याचं पत्र काढा. जुनी उपग्रह छायाचित्रं तारखेसकट छापून घ्या. बोंबील टाकलेले बांबूचे मांडव त्यात रेघा रेघांसारखे ओळखू येतात. आणि आताचे फोटो ऑक्टोबर ते मे या काळातच काढून ठेवा, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. पावसात तिथं गुडघाभर गवताशिवाय काही नसतं, आणि पाहणीचं पथक बहुतेक वेळा जुलैतच येतं.